प्रस्तावना : गुहेतला पाळणा

भाद्रपदातल्या चतुर्थीला चुकून चंद्र दिसला, की आळ येऊ नये म्हणून घरातली म्हातारी माणसे आम्हांला स्यमंतक मण्याची गोष्ट ऐकायला बसवत. त्या गोष्टीत मण्यापायी प्रसेन मरतो, त्याला मारणारा सिंह मरतो, आणि चोरीचा आळ पुसायला निघालेला कृष्ण आधी घोड्याच्या टापा, मग सिंहाची पावले, मग अस्वलाची पावले असा माग काढत एका गुहेपाशी पोचतो. आत पाळणा असतो. जांबवंताने तो मणी लेकराला खेळायला दिलेला असतो आणि दाई पाळणा हलवत असते. लहानपणी आम्हांला त्यापुढची कुस्ती आवडायची. या पुस्तकाचे हस्तलिखित वाचताना मात्र मला तो पाळणाच पुन्हा पुन्हा आठवत राहिला. अस्वलाच्या गुहेत संसार असतो, लेकराला रिझवायला काहीतरी आणून ठेवलेले असते, यात आमच्या आजीला काहीच विचित्र वाटत नव्हते. प्राणिशास्त्राला त्या गुहेच्या तोंडाशी पोचायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

गुहा मात्र आपल्याकडची नाही. हे पुस्तक उत्तर अमेरिकेतल्या काळ्या अस्वलाचे आहे. अलास्कापासून मेक्सिकोपर्यंत पसरलेल्या या प्राण्याची संख्या आठ-नऊ लाखांच्या घरात आहे. जगातल्या बाकी सातही जातींची अस्वले एकत्र मोजली तरी त्याच्या निम्मीही भरत नाहीत. नाव काळे, पण पश्चिमेकडे ती तपकिरी, दालचिनी रंगाचीही असतात, आणि ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर काही चक्क पांढरी निपजतात. विदर्भातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे अस्वल म्हटले की जे येते, ते वारुळे उकरणारे, मोहाखाली सापडणारे, पिल्लांना पाठीवर बसवून नेणारे लांब केसांचे जनावर. ते हे नव्हे. दोघांचे कूळ एक, वागणे वेगळे. ही गल्लत पुढे जिवावर बेतू शकते, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

काळ्या अस्वलाला आपण सगळे लहानपणापासून ओळखतो, फक्त ते आपल्याला ठाऊक नसते. १९०२ साली मिसिसिपीतल्या शिकारीत होल्ट कॉलियर या वाटाड्याने एक अस्वल पकडून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टसाठी झाडाला बांधून ठेवले. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्टने नकार दिला. जखमी अस्वलाला नंतर सुरीने संपवण्यात आले, पण हा भाग खेळण्यांच्या दुकानात कोणी सांगत नाही. व्यंगचित्रकार बेरीमनच्या रेषेत ते थोराड अस्वल आकसत आकसत पिल्लू झाले आणि त्यातून टेडी जन्मला. १९१४ मध्ये ओंटारिओतल्या एका रेल्वे स्थानकावर, युद्धावर निघालेल्या एका कॅनेडियन पशुवैद्याने २० डॉलरला एक पिल्लू विकत घेतले. त्याची आई मारली गेली होती. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पोचलेल्या या विनीवरूनच पुढे विनी द पू आला. १९५० मध्ये न्यू मेक्सिकोतल्या वणव्यात पंजे भाजलेले एक पिल्लू सापडले. ते स्मोकी म्हणून जंगलांतल्या आगींविरुद्धच्या मोहिमेचा जिवंत चेहरा बनले. तिन्ही काळी अस्वले, आणि तिघांच्याही चित्रात आई कुठेच नाही. आपल्या गावात दरवेशी जे अस्वल नाचवत आणायचा, तेही कधीतरी आईपासून तोडलेले पिल्लूच असायचे. जगभरच्या मुलांना अस्वल भेटले ते पोरके होऊन. मग अस्वल हा एकलकोंडा प्राणी आहे, असे मोठ्यांनीही बिनदिक्कत धरून चालावे यात नवल ते काय?

‘एकलकोंडा’ हा शिक्का पुस्तकांतून बराच काळ टिकला. तो निव्वळ खोटा होता असे नाही. अस्वल दिसते तेव्हा बहुधा एकटेच दिसते. कळप नाही, टोळी नाही. पण जे दिसते ते पाहणाऱ्याच्या सवडीवर ठरते. एखाद्या गावात एक दुपार काढणाऱ्या पाहुण्याला प्रत्येक शेतात एकेकटाच माणूस दिसेल. बांधापलीकडच्या शेतात त्याचा भाऊ आहे, विहीर सामाईक आहे, आणि वरचा तुकडा बहिणीने वाटणीत सोडून दिला आहे, हे कळायला त्या गावात वर्षे काढावी लागतात. माझ्या मते अस्वलांच्या अभ्यासाचा सगळा इतिहास म्हणजे हा मुक्काम वाढत जाण्याचा इतिहास आहे.

पहिला टप्पा धरपकडीचा. १९५०च्या दशकात मिशिगनमध्ये आल्बर्ट एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी सापळ्यात पकडलेल्या अस्वलांना गुंगी देऊन, कानाला बिल्ले लावून सोडायला सुरुवात केली. बिल्ल्यातून दोनच गोष्टी कळत : अस्वल कुठे सापडले आणि कुठे मेले. मधले आयुष्य अंधारात. १९५९ पासून मोंटानाच्या डोंगरांत चार्ल्स जाँकेल यांनी हेच काम अधिक चिकाटीने केले, आणि तिथल्या बहुतेक माद्यांना पहिली पिल्ले व्हायला सहावे-सातवे वर्ष उजाडते असे त्यांना आढळले. पेन्सिल्वेनियात, जिथे ओक आणि बीचच्या फळांचा खच पडतो, तिथल्या माद्या तिसऱ्या वर्षीच आई होतात. जात एकच, फरक पोटाचा. अस्वलाचे वय जन्मसालापेक्षा जंगलाच्या पिकावर मोजावे, अशी ही गोष्ट आहे. वय समजण्यासाठी संशोधक त्याची एक छोटी दाढ काढून तिचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. झाडाच्या खोडासारखी त्यात वर्षागणिक एकेक रेघ दिसते. मादीला पिल्ले झालेल्या वर्षी ती रेघ बारीक उमटते. आईपणाची नोंद दातात राहते.

दुसरा टप्पा गळपट्ट्यांचा. फ्रँक आणि जॉन क्रेगहेड या भावांनी १९६१ मध्ये यलोस्टोनमधल्या ग्रिझली अस्वलांच्या गळ्यात रेडिओ बांधला आणि काही वर्षांतच ते तंत्र काळ्या अस्वलांकडे आले. आता दिसेनासे झालेले अस्वलही ‘ऐकू’ येऊ लागले. १९६८ पासून टेनेसी विद्यापीठाच्या मायकल पेल्टन यांनी ग्रेट स्मोकी पर्वतात घराणीच्या घराणी नोंदली. तिथल्या कितीतरी माद्या जमिनीपासून उंच, म्हाताऱ्या झाडांच्या ढोलीत बाळंत होतात. मिनेसोटाच्या ईशान्य कोपऱ्यात १९६९ पासून लिन रॉजर्स काम करू लागले. त्यांचा १९८७चा प्रबंध मला या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा दस्तऐवज वाटतो. मादी आपला मुलूख राखते, परक्या माद्यांना हुसकावते, पण लेकींना मात्र आत राहू देते, हे त्यात वर्षानुवर्षांच्या नोंदींनी दाखवले आहे. इतकेच नव्हे, तर लेकी वयात येतात तशी आई आपलीच हद्द सरकवून त्यांना जागा करून देते. मुलगे मात्र वर्षा-दोन वर्षांत, कधी आणखी उशिरा, दूर निघून जातात. म्हणजे अस्वलांत लेकींना माहेर सुटत नाही. परगावी जावे लागते ते मुलग्यांना. सातबाऱ्यावर नाव चढवायला तलाठ्याकडे खेपा घालणाऱ्या आपल्या बहिणींनी हे प्रकरण जरूर वाचावे.

याच राज्यात, थोडे पश्चिमेला, १९८१ मध्ये वेगळ्या स्वभावाचे काम सुरू झाले. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागातल्या डेव्हिड गार्शेलिस आणि कॅरेन नॉइस यांनी अस्वलांना नावे दिली नाहीत, क्रमांक दिले. त्या पहिल्या उन्हाळ्यात पकडलेली क्रमांक ५६ ही मादी तेव्हा सात वर्षांची होती आणि तिच्याबरोबर तीन पिल्ले होती. १९९५ पर्यंत तिला झालेल्या २२ पिल्लांपैकी २१ तिने दीड वर्षाची करून दाखवली. हा आकडा वाचून मी थांबलो, कारण रानात पहिल्या वर्षी पिल्ले दगावणे ही रोजची गोष्ट आहे. पुढे तिची पिल्ले होणे थांबले, डोळे अधू झाले, कानांनी दगा दिला. तिला मारू नका अशी विनंती शिकाऱ्यांना केली गेली आणि त्यांनी ती पाळली. २०१३च्या उन्हाळ्यात ती झाडीत मेलेली आढळली, वयाच्या साडेएकोणचाळिसाव्या वर्षी, वार्धक्याने. रानातल्या अस्वलाचे इतके वय त्याआधी नोंदलेले नव्हते. बत्तीस वर्षे एका मादीमागे एक खाते चालू राहिले. अनुदानाची मुदत तीन वर्षांची असते अशा काळात ही बाब त्या मादीइतकीच दुर्मीळ म्हणायला हवी.

आता गुहा. अस्वलाच्या कुटुंबाची सुरुवात जिथे होते, तिथे अभ्यासक सगळ्यात शेवटी पोचला, आणि हे पुस्तक सगळ्यात जास्त रमते तेही तिथेच. काळी अस्वले मे ते जुलैच्या सुमारास जुगतात, पण गर्भ लगेच रुजत नाही. काही पेशींचा तो ठिपका महिनोन्‌महिने तसाच तरंगत राहतो. शरद ऋतूत मादीने पुरेशी चरबी साठवली, तरच नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास तो गर्भाशयात रुजतो. नाही तर विरून जातो. आपल्याकडे पेरणी पावसाआधी करायची की नंतर, यावर वाद होतात. अस्वलाच्या देहाने पीक पाहून मग पेरायचे ठरवले आहे. जानेवारीत, बाहेर बर्फ साचलेला असताना, बहुधा दोन किंवा तीन पिल्ले जन्मतात. वजन पाव ते अर्धा किलोच्या आत, डोळे मिटलेले, अंगावर विरळ लव. आई त्यांच्या दोनशे-तीनशे पट जड. ती महिनोन्‌महिने काही खात नाही, पाणी पीत नाही, मलमूत्रही टाकत नाही. युरियातला नायट्रोजन शरीर पुन्हा प्रथिनांच्या कामी लावते. २०११ मध्ये अलास्कात मोजले गेले की या काळात तिचा ऊर्जाखर्च पाव हिश्शापर्यंत उतरतो, अंगाचे तापमान मात्र काही अंशांनीच घटते. म्हणून ती पिल्लांना ऊब देऊ शकते, कण्हल्याबरोबर चाटू शकते, कूस बदलून दूध पाजू शकते. झोप आणि बाळंतपण एकाच अंथरुणावर. पिताना पिल्ले एक संथ गुणगुण करतात, मधमाश्यांचे पोळे भिंतीत घुमावे तशी. बर्फाखाली गुहेचे तोंड शोधताना संशोधकांना तीच कामाला येते.

पेन्सिल्वेनियाच्या गॅरी आल्ट यांनी या गुहांतून सरपटत जाऊन शेकडो पिल्ले तोलली. पोरक्या पिल्लाला परक्या आईच्या कुशीत सरकवताना त्यांनी व्हिक्स वापरले, म्हणजे वास लपावा. मराठी घरात सर्दीला जे चोळतात, तेच! झोपाळलेल्या आईने बहुतेक वेळा मोजणी न करता पिल्लू पत्करले. मी हे वाचून हसलो, मग वाटले की दत्तकविधान याहून सोपे कुठे असेल?

तिसरी वाट चालण्याची. अस्वलांना माणसाची सवय करून, त्यांच्या मागे मागे दिवसभर हिंडायचे. टेरी डिब्रुइन मिशिगनमध्ये असे हिंडले. रॉजर्सही याच वाटेला लागले. बेन किलहॅम यांची कथा आणखी वेगळी. न्यू हॅम्पशायरमधल्या लाइम गावच्या या माणसाला अक्षरे वाचणे जड जात असे, त्यामुळे विद्यापीठाची नेहमीची वाट त्यांना मिळाली नाही. १९९०च्या दशकात त्यांनी पोरकी पिल्ले सांभाळून रानात सोडायला घेतली. पिल्ले त्यांच्या तोंडाशी नाक नेऊन हुंगत, त्यांनी काय खाल्ले ते पाहत. आईकडून शिकायचे ते असे, हे तिथे लक्षात आले. स्क्वर्टी नावाची एक मादी मोठी होऊन स्वतः आई, आजी झाली, तरी ती या माणसाला ओळखत राहिली. तिच्यामुळे किलहॅमना परक्या माद्यांमधले मान-अपमान, उसनवारी, भरल्या वर्षी दिलेली मोकळीक यांचा हिशेब मांडता आला. वयाची साठी ओलांडल्यावर त्यांना डॉक्टरेट मिळाली.

या तिन्ही वाटांचे लोक एकमेकांविषयी फारसे चांगले बोलत नाहीत. क्रमांक देणारे म्हणतात, हाताने खाऊ घातलेल्या अस्वलावरून रानातले अस्वल कसे कळणार? मागे हिंडणारे म्हणतात, वर्षातून एकदा गुंगी देऊन तोलल्याने नाते कसे दिसणार? हा वाद २०१० नंतर चव्हाट्यावर आला. त्या वर्षी २२ जानेवारीला रॉजर्सच्या अभ्यासातल्या लिली या तीन वर्षांच्या मादीला होप हे पिल्लू झाले आणि गुहेतल्या कॅमेऱ्यामुळे जगभरच्या लोकांनी ते घरबसल्या पाहिले. मे महिन्यात लिली पिल्लाला टाकून निघून गेली. रॉजर्सनी ते पिल्लू शोधून पुन्हा आईपाशी नेले आणि ते जगले. पुढच्या जानेवारीत तर नवलच झाले : वर्षाची होप गुहेतच असताना लिलीला दोन नवी पिल्ले झाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, कायदेशीर हंगामात, एका शिकाऱ्याच्या हातून होप मेली. २०१३ मध्ये मिनेसोटा राज्याने रॉजर्सना गळपट्टे बांधण्याचा परवाना नव्याने द्यायचे नाकारले; माणसाला सरावलेली अस्वले गावात येतील ही त्यातली मोठी तक्रार होती. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल राज्याच्या बाजूने लागला.

या वादात लेखिकेने कोणाचा झेंडा घेतलेला नाही. माझा थोडा कल आहे, तो सांगतो. पिल्लू परत नेऊन ठेवले त्या क्षणी ते निरीक्षण राहिले नाही, हा आक्षेप मला पटतो. पण लिलीने पुढे त्या पिल्लाला दूध पाजले, हेही खरेच. आपण नसतो तर काय घडले असते हे त्या रानातून आता कोणालाही काढता येणार नाही. अलीकडची प्रयोगशाळा हा पेच टाळते : काटेरी तारेला अडकलेल्या केसांतून जनुके काढायची, आणि कोण कोणाची लेक ते अस्वलाला न बघताच ठरवायचे. हद्दी आणि वंशावळी त्यातून चोख मिळतात. गुणगुण मिळत नाही.

हे सगळे मराठीत आत्ता कशासाठी? एक कारण अगदी घरगुती आहे. न्यू जर्सीच्या २१ही काउंट्यांत काळे अस्वल दिसलेले आहे, आणि त्याच राज्यात मराठी घरे किती आहेत ते सांगायला नको. अंगणातल्या कचऱ्याच्या डब्याशी मादी आणि झाडावर पिल्ले, हा प्रसंग आता आपल्या नातवंडांच्या वाट्याला येतो. अशा वेळी वाटणाऱ्या भीतीचे मोजमाप करून झालेले आहे. १९०० ते २००९ या काळात मोकळ्या काळ्या अस्वलांनी ५९ घटनांत ६३ माणसे मारली. त्यांतल्या बहुतेक घटनांत हल्ला करणारा एकटा नर होता, भक्ष्य म्हणून माणसावर आलेला. ‘पिल्लांची आई सर्वांत घातकी’ हा समज इथे टिकत नाही. काळी आई पिल्लांना झाडावर चढवते आणि खाली राहून फुसकारते, दात वाजवते, बरेचदा दूर पळते. पण हे वाक्य घेऊन कृपया बुलढाण्याच्या किंवा मेळघाटाच्या रानात जाऊ नका. आपले अस्वल उघड्या माळावर वाढले. पिल्ले पाठीवर घेऊन ते वाघालाही सामोरे जाते, आणि माणसाला तर जातेच.

दुसरे कारण ऋतूंचे. कोलोरॅडोतल्या ड्युरँगोजवळच्या अभ्यासात दिसले की हिवाळ्याचे किमान तापमान एका अंशाने वाढले तर अस्वलाची झोप सुमारे सहा दिवसांनी घटते, आणि माणसाच्या वस्तीतले अन्न मिळाले तर आणखी. ज्या गुहेत पिल्लू डोळे उघडते, तिचा काळच आखडतो आहे.

तिसरे कारण आपल्या अस्वलांचे. दाचीगामच्या हिमालयी अस्वलांवर, मध्य भारतातल्या अस्वलांवर चांगले काम झाले आहे, पण एका मादीच्या मागे तीस वर्षे चाललेले खाते आपल्याकडे माझ्या पाहण्यात नाही. क्रमांक ५६ची गोष्ट वाचून एखाद्या वनरक्षकाला एक जाड वही काढावीशी वाटली, तर प्रकाशकाचा कागद सत्कारणी लागला असे मी समजेन.

पुस्तकाची मांडणी शाळेच्या वर्षासारखी नाही, पिल्लाच्या वर्षासारखी आहे. ते जानेवारीत सुरू होते, एप्रिलमध्ये गुहेबाहेर येते, पांढऱ्या पाइनच्या बुंध्याशी उन्हाळा काढते, ओकच्या फळांत लठ्ठ होते, पुन्हा आईबरोबर झोपते, आणि पुढच्या जूनमध्ये, आई पुन्हा माजावर येते आणि वर्षाच्या पिल्लांना हुसकावते तेव्हा, थांबते. सोळा-सतरा महिने. संशोधकांची भांडणे, उपकरणे, सूत्रे या कथेच्या कडेकडेने येतात. ज्यांना फक्त शास्त्र हवे आहे त्यांना हे कधी कधी लांबण लागेल. मलाही दोन ठिकाणी लागली.

एका गोष्टीवरून लेखिकेशी माझा बराच खल झाला. मराठीत अस्वल नपुंसकलिंगी, पिल्लूही नपुंसकलिंगी. ‘ते अस्वल आई झाले’ असे लिहिले तर वाक्य शुद्ध राहते आणि आई नाहीशी होते. सगळीकडे ‘ती’ लिहिले तर न पाहिलेल्याबद्दल पाहिल्याचा आव आणल्यासारखे होते. शेवटी तिने असे ठरवले : नुसते अस्वल दिसले, तर ‘ते’. जिची ओळख पटली आहे, मग तिला नाव असो की क्रमांक, ती ‘ती’. पिल्ले मात्र आईच्या मागे आहेत तोवर सगळी ‘ते’च. जून महिन्यातल्या ज्या पानावर आई फुसकारून मागे वळते आणि एक पिल्लू झाडावरून उतरायला घाबरते, त्या पानाच्या शेवटच्या ओळीत त्याचे सर्वनाम बदलते.